वाचून दाखवले, बरोबर आहे

बेळ्ळंदूर हे नाव देशभरातल्या वृत्तपत्रवाचकांना ठाऊक आहे ते दोन कारणांनी. बेंगळूरुच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतची माहिती-तंत्रज्ञान संकुले हे एक. दुसरे कारण तेथला तलाव. पाण्यावर फेसाचे ढीग येणारा आणि चक्क पेट घेणारा तलाव म्हणून त्याची दुष्कीर्ती झाली. तिसरे कारण मात्र बेंगळूरुकरही विसरले असावेत. बेळ्ळंदूर हे खेडे होते तेव्हा, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, तेथल्या ग्रामपंचायतीने घरपट्टीची आणि जन्ममृत्यूची दप्तरे संगणकावर घेतली, आणि तीही कानडीतून. असे करणाऱ्या देशातील पहिल्या काही पंचायतींत तिची गणना होत असे. २००७ मध्ये आसपासच्या शंभरावर गावांसह ती बृहन्महापालिकेत विलीन झाली आणि त्या प्रयोगाची कथा तेथेच संपली.

त्याच सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ प्रकल्प हाती घेतला. सुमारे दोन कोटी जमीनविषयक नोंदी, ६७ लाखांच्या घरातले खातेदार, १७७ तालुके. हस्तलिखित उतारा बाद झाला, तालुक्याच्या खिडकीवर छापील उतारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या तंत्राने चालण्याचे दिवस बऱ्याच अंशी सरले. प्रशासनाच्या इतिहासात या घटनेचे मोल मोठे आहे. तथापि एक गोष्ट बदलली नाही. शेतकरी खिडकीशी उभा राहून तोंडाने सांगे आणि आत बसलेला माणूस ते यंत्राच्या भाषेत टंकित करी. तोंडची गोष्ट आणि दप्तरातली नोंद यांच्यामध्ये माणूस होता तो राहिलाच; फक्त त्याच्या पुढ्यातील बोरू जाऊन कळफलक आला.

हा मधला माणूस आता नाहीसा होईल, असे आश्वासन आज दिले जात आहे. नागरिक यंत्राशी थेट बोलेल, यंत्र ऐकेल आणि सांगितलेले काम करील. आश्वासन पोकळ नाही. म्हणूनच त्याचा विचार उत्साहाच्या किंवा कुचेष्टेच्या पलीकडे जाऊन करायला हवा.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सांगितलेले लिहून घेणे, विचारलेल्याचे उत्तर देणे आणि फर्मावलेले करणे ही यंत्राची तीन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम मराठीत बऱ्यापैकी होते. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांना बोलून टंकलेखनाची सोय दिली, आणि आज कित्येक मराठी पत्रकार व वकील आपले मसुदे तोंडी सांगूनच तयार करतात. दुसरे कामही सुरू झाले आहे. महाराष्ट्राच्या कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ हे ॲप शेतकऱ्याच्या मराठी प्रश्नांना उत्तरे देऊ पाहते. तिसऱ्या कामाचे स्वरूप मात्र निराळे. लिहून घेताना चूक झाली तर शब्द खोडता येतो, उत्तर चुकले तर दुसऱ्याला विचारता येते. हुकूम चुकीचा ऐकला गेला की अर्ज गेलेला असतो, पैसे पोहोचलेले असतात, फाईल पुसली गेलेली असते.

संगणकाला तोंडी हुकूम देण्याची सोय मुळात ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना मोठा आधार ठरली, हे विसरता कामा नये. अमुक खिडकी उघड, खाली सरक, हे बटण दाब, अशा आज्ञांनी संपूर्ण संगणक चालवण्याची व्यवस्था मोठ्या कंपन्यांनी आपापल्या प्रणालींत दिली आहे. ॲपलचे ‘व्हॉइस कंट्रोल’ २०१९ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टचे ‘व्हॉइस ॲक्सेस’ त्यानंतर. या सोयी आधी इंग्रजीला मिळाल्या, मग काही युरोपीय व पूर्व आशियाई भाषांना. भारतीय उच्चारांच्या इंग्रजीची दखल घेतली गेली. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीची त्या रांगेतली जागा मागेच राहिली.

बेंगळूरुने या विषयात केलेले काम जुने आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी या शतकाच्या आरंभी ‘सिंप्युटर’ नावाचे हातात मावणारे स्वस्त यंत्र सिद्ध केले. निरक्षर माणसाला पडद्यावरचे वाचून दाखवावे म्हणून त्यात ‘ध्वनी’ ही भारतीय भाषांत बोलणारी प्रणाली होती. यंत्र बोलत असे, ऐकत मात्र नसे. बाजारात ते चालले नाही. पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टची संशोधन शाखा बेंगळूरुत आली आणि तेथील इंद्राणी मेधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या झोपडवस्त्यांमधील घरकाम करणाऱ्या स्त्रियांबरोबर अनेक प्रयोग केले. अक्षराविना, केवळ चित्रे आणि आवाज यांच्या आधारे या स्त्रिया संगणकावर काम शोधू शकतील का, हा एका प्रयोगाचा प्रश्न होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास मोबाइलवरून पैसे पाठवण्याविषयी होता. अल्पशिक्षितांनी अक्षरांपेक्षा इतर मार्ग पसंत केले, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. बोलून काम करताना वेग अधिक होता आणि मदतही कमी लागली. परंतु काम शेवटास नेणाऱ्यांचे प्रमाण चित्र व आवाज एकत्र असलेल्या मार्गात अधिक होते. म्हणजे बोलणे सोपे, पण कानाबरोबर डोळ्यांनाही खूण मिळाली तर काम तडीस जाते. हा निष्कर्ष आजच्या धोरणकर्त्यांनी भिंतीवर लावण्याजोगा आहे.

याच स्त्रिया आणि त्यांच्या मुली आज बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींत रोज सकाळी कामाला येतात. मराठी अभियंत्यांची तेथे मोठी वस्ती असल्यामुळे त्यांच्यातल्या काहींना कामचलाऊ मराठीही येते. निरोप त्या आवाजातच पाठवतात, हे मी अलीकडच्या मुक्कामात पाहिले. टंकलेखनाच्या भानगडीत कोणी पडत नाही. बोलण्याची ओढ लोकांना शिकवावी लागत नाही, ती आहेच. पण निरोप ऐकणारी बाई ओळखीची असते. अर्धे वाक्य ऐकून पुढचे समजून घेते, आणि नाही समजले तर उलट विचारते.

यंत्राच्या बाबतीत आपल्या भाषेचा स्वभाव आडवा येतो, तो कसा हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी आज्ञा क्रियापदाने सुरू होते. काय करायचे ते आधी कळते. मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही नंतर. ‘माझा अर्ज रद्द करू नका’ या वाक्यातला निर्णायक शब्द सर्वांत शेवटचा आहे. ‘करू’पाशी थांबलेले वाक्य माणसाला अर्धवट वाटते. यंत्राची घडण मात्र ‘अर्ज’ आणि ‘रद्द’ एवढेच शब्द हेरण्याची असेल, तर त्याच्या लेखी वाक्य पुरे झाले. म्हाताऱ्या माणसाने ‘करू’ नंतर श्वास घेतला, तेवढ्यात मध्ये रिक्षा वाजली, की ‘नका’ हवेत विरले.

आज्ञार्थाचेही तसेच. मराठी माणूस सरळ हुकूम क्वचित देतो. ‘जरा बघता का’, ‘तेवढे करून टाका’, ‘झाले तर बरे होईल’ या सगळ्या आज्ञाच आहेत. आम्हा सरकारी माणसांनी तर सारी हयात ‘उचित कार्यवाही करण्यात यावी’ यावर काढली. ती कोणी करावी हे वाक्यात कधी आले नाही आणि तरीही राज्य चालले. आणखी गुंतागुंतीची गोष्ट होकाराची. ऐकणारा मधूनमधून ‘हं’, ‘बरं’ म्हणतो तेव्हा तो संमती देत नसतो, ऐकत असल्याचे कळवत असतो. फोनवर यंत्र अटी वाचून दाखवत आहे, समोरचा ‘हं… हं…’ करतो आहे, आणि यंत्राने त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असा लावला तर?

पैशांच्या भाषेत तर आपली अपूर्णांकांची अस्सल देशी गणिते आहेत. पावणेदोनशे, सव्वाशे, दीड हजार, अडीच लाख. ‘पावणे’ हा छोटा शब्द गळला की १७५ चे २०० होतात, ‘सव्वा’ गळला की सव्वाशेचे शंभर. आणि उच्चारांचे म्हणाल तर बेळ्ळंदूर या नावातच तो ‘ळ’ आहे, जो मराठीला आणि कानडीला सारखाच प्रिय. प्रमाण हिंदीला आणि इंग्रजीला तो नाही. ज्या यंत्राचा कान त्या दोन भाषांवर तयार झाला, त्याला काळ आणि काल, वेळ आणि वेल, गाळ आणि गाल यांतला फरक वेगळा शिकवावा लागतो. गाळपेराच्या अर्जात हा फरक विनोदाचा राहत नाही.

शिकवायचे म्हणजे माणसांचे बोलणे गोळा करायचे. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला जॉर्ज ग्रियर्सन आठवल्यावाचून राहत नाही. बंगाल प्रांतातला हा सनदी अधिकारी १८९८ मध्ये भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा अधीक्षक झाला. १९०३ ते १९२८ या काळात त्याचे ११ खंड निघाले आणि मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये. पद्धत अशी, की बायबलमधली उधळ्या पुत्राची कथा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची आणि स्थानिक बोलीत तिचा तर्जुमा मागवायचा. जोडीला एखादा स्वतंत्र नमुना. पुढे १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर सुमारे ९७ भाषा-बोलींचे आवाजही मुद्रित झाले. हे सारे थोरच होते. पण हैदराबाद आणि म्हैसूर ही संस्थाने सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणजे मराठवाडाही बाहेर आणि बेंगळूरुही बाहेर. शिवाय खानदेशी ग्रियर्सनने मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडात घातली. त्या वर्गवारीविषयी भाषातज्ज्ञ अजून भांडत आहेत. जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजली जाते. २०११ मध्ये ती सांगणारे १८ लाखांवर होते. वर्गवारी हा ग्रंथालयातला वाद वाटतो. पण ‘मराठी’ या नावाखाली आवाज गोळा करताना अहिराणी बोलणारा धुळ्याचा शेतकरी त्यात धरला की वगळला, यावर त्याचा हुकूम यंत्राला समजेल की नाही हे ठरते.

ग्रियर्सनच्या कक्षेबाहेर राहिलेल्या त्याच बेंगळूरुत आज त्याच्या कामाचा दुसरा अंक चालू आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘रेस्पिन’ प्रकल्पाने मराठी व कानडीसह नऊ भाषांतील बोली-भेदांसह आवाज मुद्रित केले. शेती आणि बँक व्यवहार हे त्याचे विषय. गुगलच्या साहाय्याने चाललेला ‘वाणी’ प्रकल्प जिल्हावार जातो. देशातील सर्व ७७३ जिल्ह्यांतून नमुने घेण्याचा त्याचा संकल्प आहे आणि गोळा झालेली सामग्री सर्वांना खुली केली जात आहे. ‘रेस्पिन’मध्ये लोकांनी समोर ठेवलेली वाक्ये वाचली. ‘वाणी’मध्ये चित्र दाखवून त्यावर मनाप्रमाणे बोलायला सांगितले जाते. मला दुसरी रीत अधिक मोलाची वाटते. जो वाचू शकतो त्याचाच आवाज वाचिक नमुन्यात येणार, आणि आवाजी आज्ञांची खरी गरज आहे ती न वाचणाऱ्याला. केंद्र सरकारच्या, जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ने अशा सामग्रीवर उभ्या राहिलेल्या सेवा सरकारी विभागांना उपलब्ध करून दिल्या आहेत. पायाभूत काम सार्वजनिक पैशातून किंवा खुल्या स्वरूपात होत आहे, ही समाधानाची बाब.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बोललेले बंधनकारक कागद कसे बनावे, हा प्रश्न आपल्या राज्यव्यवस्थेला नवा नाही. मराठेशाहीतील निवाड्यांत वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेतल्या जात आणि मग त्या दप्तराचा भाग होत. हैदर-टिपूच्या अमदानीत म्हैसूरचे महसुली हिशेब कानडीबरोबर मराठीत आणि फारसीतही ठेवले जात. कानडी रयतेचे बोलणे इतक्या लेखण्यांतून फिरत असे. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असल्याने लबाडीला वाव होताच. त्यावर शतकांच्या अनुभवातून एक उपाय रूढ झाला, आणि तो आजही प्रत्येक तहसील कचेरीत आणि पोलिस ठाण्यात जिवंत आहे. जबाब संपला की लिहिणारा तो मोठ्याने वाचतो आणि तळाशी लिहितो: वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मग सही किंवा निशाणी अंगठा. न्यायालयात साक्षीदाराची साक्ष त्याला वाचून दाखवण्याचे बंधन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत मला ते वाक्य शुष्क उपचार वाटत असे, कारण पुष्कळदा ते तसेच उरकले जाई. एकदा एका वृद्धेने वाचन मध्येच थांबवले. बांध ‘मोडला’ असे लिहिले होते. ती म्हणाली, मोडला नाही, सरकवला. त्या एका क्रियापदावर प्रकरणाचा कल फिरला. लिहिणारा कारकून प्रामाणिकच होता.

आवाजी आज्ञा घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक सेवेला हेच बंधन हवे. पण वाचून दाखवण्यालाही अर्थ असला पाहिजे. हल्ली यंत्रे ‘आपली विनंती नोंदवली आहे, पुष्टी करण्यासाठी एक दाबा’ असे म्हणतात. यात काय नोंदवले ते सांगितलेलेच नाही. ‘कमलबाईंच्या खात्यावर पावणेदोनशे, म्हणजे एकशे पंचाहत्तर रुपये पाठवतो, पाठवू का?’ हे खरे वाचून दाखवणे. त्यावरचा होकार स्पष्ट शब्दाचा असावा, ‘हं’चा नव्हे. काय ऐकले आणि काय केले याची नोंद नागरिकाला मागता आली पाहिजे, आणि रद्द करणे, मिटवणे, पाठवणे अशा न परतणाऱ्या कामांत काही काळ माघार घेण्याची मुभा हवी. व्यवहार लांबेल हे खरे. वेगाची घाई कोणाला आहे, हेही विचारावे.

कायद्याची बाजू येथे अपुरी आहे. माहिती-तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ११ असे सांगते, की एखाद्याच्या वतीने आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पाठवलेली इलेक्ट्रॉनिक नोंद त्या व्यक्तीचीच समजली जाईल. बोलणे ऐकणारी यंत्रणा नागरिकाच्या वतीने चालते की बँकेच्या? जे यंत्र बँकेने नेमले आणि खात्याने विकत घेतले, त्याच्या कानाचा दोष नागरिकाच्या माथी का? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, ते उपकारक ठरले. पण चुकीच्या ऐकण्यातून झालेला व्यवहार अनधिकृत ठरत नाही. ग्राहक बोलला होता आणि पिनही त्यानेच टाकला. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ आले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘हॅलो यूपीआय’, तेही आरंभी हिंदी-इंग्रजीत. पिनची पायरी त्यांत राखली गेली हे शहाणपणाचे. परंतु पडद्यावरची रक्कम जो वाचू शकत नाही, त्याचा पिन हा डोळे झाकून केलेला अंगठाच आहे.

दोन अडचणी तंत्रज्ञांच्या ध्यानात सहसा येत नाहीत, कारण ते मोठ्या घरांत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत स्त्री आपल्या खात्यातली शिल्लक मोठ्याने कशी विचारणार? नवऱ्यापासून चार पैसे वेगळे ठेवणाऱ्या स्त्रीला मुका कळफलकच सुरक्षित. आणि आवाज हाच ज्यांचा प्रश्न आहे, म्हणजे मूकबधिर, पक्षाघाताने जीभ जड झालेले, अडखळत बोलणारे, त्यांच्यासाठी हे दार बंदच. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंतची पोच हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना ओळख पटवण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जात होते, जी त्यांना करता येत नव्हती. आवाज हा एकमेव मार्ग ठेवणारी सेवा उद्या त्याच चुकीची पुनरावृत्ती करील. बोलण्याचे दार उघडताना खिडकी, कळफलक आणि खिडकीमागचा माणूस राहू द्यावा.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा त्याने दिलेला हक्क. येत्या काळात यातल्या कित्येक सेवांना आवाजी दार बसेल आणि त्यासाठी निविदा निघतील. अशा निविदांत ‘अचूकता’ एका सरासरी आकड्यात मागण्याची प्रथा आहे. सरासरीत पुण्याचा उच्चार धडगावचा उच्चार गिळून टाकतो. म्हणून आकडा जिल्हावार मागावा. स्त्रियांचा, वृद्धांचा वेगळा मागावा. अहिराणी, झाडीबोली, मालवणी, कोरकू मातृभाषा असणाऱ्यांची मराठी यांचा वेगळा मागावा. नकाराची वाक्ये आणि पाव-सव्वा-पाऊण यांची वाक्ये चाचणीत किती होती ते लिहून घ्यावे. आणि ती चाचणी बेळ्ळंदूरच्या वातानुकूलित खोलीत झाली की धडगावला, बाजाराच्या दिवशी, एसटी थांब्यावरच्या गोंगाटात, ही नोंद स्वीकृती अहवालाच्या पहिल्याच पानावर, सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाच्या वर असावी.